‘हॅड’, पण कशाच्या आधी? हिंजवडीतील एका घटना-अहवालाचा प्रकरण अभ्यास

हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीने ब्रिटनमधील ग्राहकाला पाठवलेला एक घटना-अहवाल, त्यावरून ग्राहकाने केलेला आरोप आणि त्या आरोपाच्या मुळाशी निघालेली इंग्रजी क्रियापदाची एकच रचना, एवढा या प्रकरणाचा आवाका आहे. ती रचना म्हणजे ‘हॅड’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप: ‘हॅड सेंट’, ‘हॅड इन्फॉर्म्ड’, ‘हॅड गॉन’. शाळेत आपण तिला पूर्ण भूतकाळ म्हणून शिकतो आणि ‘मी आंबा खाल्ला होता’ या वाक्याशेजारी तिची जागा कायमची पक्की होते. पुण्यातल्या कार्यालयांचा इंग्रजी पत्रव्यवहार मी सातत्याने वाचत आले आहे. ही रचना जेथे लागते तेथे ती क्वचित दिसते आणि जेथे लागत नाही तेथे हटकून येते, असे माझे निरीक्षण आहे. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. या प्रकरणात बिघडले, आणि ते नेमके कसे बिघडले हे वाक्यागणिक दाखवता येते, म्हणून ते लिहून ठेवण्याजोगे वाटले. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घटना

ग्राहकाच्या संकेतस्थळावर पैसे भरण्याची जी सेवा होती, तिची देखभाल पुण्यातील गटाकडे होती. अशा सेवेला सुरक्षित जोडणीसाठी डिजिटल प्रमाणपत्र लागते, ज्याला सगळे ‘सर्टिफिकेट’ म्हणतात. त्याला मुदत असते आणि ती संपली की ब्राउझर धोक्याची सूचना दाखवू लागतो, व्यवहार अडतात. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ग्रिनिच वेळेनुसार मध्यरात्री ही मुदत संपली. हिवाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो, म्हणजे पुण्यात तेव्हा रविवारची पहाट होती, साडेपाच वाजले होते. त्या आठवड्यात ऑन-कॉल, म्हणजे अवेळी अडचण आली तर ती सोडवण्याची पाळी असलेल्या अभियंता वाकडला राहत होत्या. त्यांना ५ वाजून ४२ मिनिटांनी अलर्ट आला. त्यांनी आधी आपल्या व्यवस्थापकांना उठवले, ६.२५ला ग्राहकाच्या गटाला मेल टाकला, ७.२०ला नवे सर्टिफिकेट मिळवले, ७.४५ला ते बसवले आणि ७.५०ला सेवा पुन्हा सुरू केली. ८.०५ला ग्राहकाकडून पहिला फोन आला, तेव्हा सगळे सुरळीत चालू होते. अडचण एकूण दोन तास वीस मिनिटांची, तीही ब्रिटनमधल्या मध्यरात्रीची. काम म्हणून पाहिले, तर ते चोख झाले होते.

सोमवारी अहवाल गेला. त्यातला वादाचा भाग असा होता: ‘द सर्टिफिकेट एक्स्पायर्ड ॲट ५:३० एएम आयएसटी ऑन संडे. अवर टीम हॅड इन्फॉर्म्ड युवर टीम बाय ईमेल. वी हॅड रिन्यूड द सर्टिफिकेट. द सर्व्हिस हॅज बीन रीस्टार्टेड ॲट ७:५० एएम ऑन संडे.’

यातले पहिले वाक्य देखरेखीच्या प्रणालीतून आलेल्या संदेशावरून उचललेले होते, म्हणून त्यात साधा भूतकाळ आहे. पुढची वाक्ये अभियंत्यांची स्वतःची. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला, कारण वाचणाऱ्याला हे सगळे एकाच हाताने, एकाच हिशेबाने लिहिलेले वाटणार होते.

ग्राहकाकडच्या वाचकाने ते कसे वाचले, ते पाहू. मुदत रविवारी ५.३०ला संपली, हा एक बिंदू पहिल्या वाक्याने ठरवून दिला. त्यानंतर लगेच ‘हॅड इन्फॉर्म्ड’ आले. इंग्रजी वाचकाच्या लेखी याचा अर्थ उघड होता: मुदत संपण्याच्या आधी पुण्याच्या गटाने आपल्याला कळवले होते. पुढे ‘हॅड रिन्यूड’ आले, म्हणजे नूतनीकरणही मुदतीपूर्वीच झाले होते. मग त्याने दोन निष्कर्ष काढले आणि दोन्ही त्याच्या बाजूने तर्कशुद्ध होते. पहिला असा की, पूर्वसूचना मिळाल्याचा कोणताही मेल आपल्याकडे नसताना ती दिल्याचे पुण्याचा गट सांगतो आहे, म्हणजे अहवालात खोटे लिहिले आहे. दुसरा असा की, नवे सर्टिफिकेट हाती असूनही ते वेळेवर बसवले गेले नाही, म्हणजे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. मंगळवारी एस्कलेशन, म्हणजे वरच्या पातळीवर नेलेली तक्रार, आले. करारातील पूर्वसूचनेच्या कलमाचा त्यात उल्लेख होता, आणि ज्या पूर्वसूचनेचा दावा केला आहे तिची प्रत पाठवावी, अशी मागणी होती.

हिंजवडीत सगळे चक्रावले. पूर्वसूचनेबद्दल कोणी काही बोललेच नव्हते. अभियंत्यांचे म्हणणे सरळ होते: ‘मेल मी टाकला होता, सहा पंचवीसला. सेंट आयटम्समध्ये आहे. खोटं काय लिहिलं?’

माझ्याकडे आलेली तक्रार

कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना लेखी इंग्रजी शिकवणे हे माझे काम आहे. हे प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा एस्कलेशन निवळले होते आणि व्यवस्थापकांचे निदानही ठरले होते. त्यांनी सांगितले, ‘मॅडम, टेक्निकली ती उत्तम आहे, पण इंग्लिश कच्चं आहे. मराठी मीडियम ना. ग्रामर अगदी बेसिकपासून घ्या.’

हे निदान मला पटले नाही. अभियंता लातूर जिल्ह्यातल्या, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या सुरुवातीच्या तुकड्यांतल्या त्या होत्या, म्हणजे इंग्रजीशी त्यांची ओळख पाचवीत पहिल्यांदा झालेली नव्हती. त्यांचे जुने मेल मी मागवून वाचले. उपपदे, शब्दयोगी अव्यये, कर्ता-क्रियापदाचा मेळ, सगळे ठीकठाक होते, काही ठिकाणी तर व्यवस्थापकांपेक्षा नेटके होते. खटकत होती ती एकच गोष्ट. भूतकाळातली जवळजवळ प्रत्येक पूर्ण झालेली क्रिया ‘हॅड’ घेऊन येत होती: ‘आय हॅड रेझ्ड अ टिकिट लास्ट वीक’, ‘वी हॅड डिस्कस्ड धिस ऑन फ्रायडे’, ‘ही हॅड टोल्ड मी’.

नियम त्यांना ठाऊक नव्हता का? होता, आणि विचारल्याबरोबर त्यांनी तो म्हणून दाखवला: भूतकाळात दोन क्रिया घडल्या असतील, तर आधी घडलेल्या क्रियेसाठी पूर्ण भूतकाळ वापरावा. गाडी सुटण्याचे आणि प्रवासी पोचण्याचे ठरलेले उदाहरणही दिले. तेव्हा ज्याला नियम पाठ आहे त्याला पुन्हा नियम शिकवण्यात काही अर्थ नव्हता. नियम माहीत असूनही लिहिताना हात ‘हॅड’कडे का वळतो, हा खरा प्रश्न होता.

मराठीतून सांगितलेली तीच रात्र

ती पहाट कशी गेली, हे मी त्यांना मराठीतून सांगायला लावले आणि त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करून घेतले. त्यातला एक तुकडा असा आहे: ‘मला अलर्ट आला तेव्हा मुदत संपली होती. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, रिमाइंडर तर आले असतील. मग बघितलं, तर रिमाइंडर जुन्या मेलबॉक्सला गेले होते, तो माणूस केव्हाच सोडून गेला होता. मग मी क्लायंटला मेल टाकला, नवीन सर्टिफिकेट मागवलं, आलं तसं लगेच टाकलं.’

या निवेदनात ‘होता-होती-होते’ किती काटेकोरपणे आले आहे, ते पाहण्यासारखे आहे. मुदत संपली होती, कारण ती अलर्टच्या आधी संपली. रिमाइंडर गेले होते आणि माणूस सोडून गेला होता, कारण या दोन्ही गोष्टी त्या पहाटेच्या कितीतरी आधीच्या. मेल टाकला, सर्टिफिकेट मागवले, बसवले, या क्रिया मात्र एकामागून एक साध्या भूतकाळात चालत जातात. हेच जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले असते, तर ‘हॅड’ नेमक्या योग्य जागी पडले असते आणि मेल टाकण्याच्या वाक्याला ते लागलेच नसते. अभियंत्यांची मराठी आणि इंग्रजी पूर्ण भूतकाळ या दोहोंत या निवेदनापुरते भांडण नव्हतेच. मराठीचा इंग्रजीवर परिणाम होतो म्हणून चूक होते, हे शिक्षकांचे आवडते स्पष्टीकरण इथे तरी अर्धवटच ठरते.

मग मी दुसरी गोष्ट केली. व्यवस्थापकांच्या भूमिकेतून, थोड्या चढ्या आवाजात विचारले, ‘क्लायंटला कळवलं होतं का?’ उत्तर क्षणात आले: ‘हो मॅडम, कळवलं होतं ना. मेल टाकला होता.’

इथे गाठ सापडली. मराठीत ‘होता’ची दोन निरनिराळी कामे आहेत. एक कथनातले, घटनांचा क्रम लावणारे, जे इंग्रजीच्या ‘हॅड’शी बरेचसे जुळते. दुसरे संवादातले. कोणी विचारणा केली, हिशेब मागितला, शंका घेतली की आपण ‘सांगितलं होतं’, ‘पाठवलं होतं’, ‘येऊन गेलो होतो’ असे म्हणतो. त्या वाक्यांत भूतकाळातली दुसरी घटना नसते, असावी अशी अपेक्षाही नसते. ‘ही गोष्ट माझ्याकडून झालेली आहे, ती नोंदीवर घ्या, आता पुढचे बोला’ एवढाच त्याचा आशय असतो. ‘मी काल फोन केला होता’ हे वाक्य ऐकल्यावर मराठी माणूस ‘कशाच्या आधी?’ असे विचारत नाही, तो ‘अरे हो, बोला’ म्हणतो. वाक्य पुढच्या विषयाला बैठक घालून देते.

कार्यालयात या दुसऱ्या ‘होता’चे राज्य असते, कारण तिथे दिवसभर एकमेकांना जाब विचारला जातो आणि जबाब दिले जातात. अभियंत्यांनी अहवाल लिहिला तो घटनेच्या दुसऱ्या दिवशी, व्यवस्थापकांच्या प्रश्नांची यादी समोर ठेवून: कळवले का, नूतनीकरण केले का, सेवा केव्हा सुरू झाली. प्रत्येक वाक्य म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर होते आणि मनातले उत्तर ‘कळवलं होतं’, ‘रिन्यू केलं होतं’ असेच होते. लिहिले गेले ते निवेदनाचे कपडे घातलेले जबाबाचे इंग्रजी. ग्राहकाने ते निवेदन म्हणूनच वाचले आणि क्रम उलटा लागला.

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म एवढेच आहे. इंग्रजी पूर्ण भूतकाळ येत नाही, ही अडचण नव्हती. अहवाल सांगण्याच्या पवित्र्यातून लिहायचा की उत्तर देण्याच्या, हे लिहिण्यापूर्वी ठरलेले नव्हते, ही अडचण होती.

मधला बिंदू

हान्स राइकेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७मध्ये काळांची जी मांडणी केली, ती इथे फार उपयोगी पडते. क्रियापदाचा काळ समजून घ्यायला दोन नव्हे, तीन बिंदू लागतात, असे त्याचे म्हणणे: बोलण्याचा क्षण, घटना घडल्याचा क्षण आणि जिथे उभे राहून आपण घटनेकडे पाहतो तो संदर्भाचा क्षण. साध्या भूतकाळात घटना आणि संदर्भ एकाच ठिकाणी असतात आणि दोन्ही बोलण्याच्या मागे असतात. पूर्ण भूतकाळात संदर्भाचा बिंदू बोलण्याच्या मागे असतो आणि घटना त्याहूनही मागे. म्हणजे ‘हॅड’ लिहिले की वाचक आपोआप तो मधला बिंदू शोधू लागतो. आधीच्या वाक्यात एखादी वेळ दिलेली असेल, तर तो तीच पकडतो. आपल्या अहवालात ५.३०ची वेळ समोर होती, त्याने ती पकडली. कोणतीही वेळ नसती, तर तो नुसता अडखळला असता आणि कदाचित एक खुलासा मागून थांबला असता. बरोबर असलेले पहिले वाक्यच घातक ठरले, हा या प्रकरणातला एक विचित्र भाग आहे.

मराठीच्या संवादी ‘होता’ला हा मधला बिंदू नसला तरी चालतो, पण म्हणून ते रूप ढिसाळ आहे असे कोणी समजू नये. त्याची स्वतःची शिस्त आहे. ‘काका आले आहेत’ म्हटले की काका घरात बसलेले असतात. ‘काका आले होते’ म्हटले की ते येऊन गेलेले असतात, चहा झालेला असतो. ‘आहे’ क्रियेचा परिणाम आत्तापर्यंत आणतो, ‘होता’ तो तोडून मागे ठेवतो. इंग्रजीत हेच सांगायला साधा भूतकाळ पुरतो. नुसते ‘अंकल हॅड कम’ म्हणून थांबलात, तर इंग्रज श्रोता पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट पाहत राहतो.

अहवालातले चौथे वाक्य, ‘द सर्व्हिस हॅज बीन रीस्टार्टेड ॲट ७:५० एएम ऑन संडे’, हेही इंग्रजीच्या रिवाजाला धरून नाही, कारण ‘हॅव-हॅज’च्या पूर्ण वर्तमानकाळाशेजारी गेलेल्या काळाची निश्चित वेळ इंग्रजी सहसा बसू देत नाही. मराठीला त्याचे वावडे नाही. ‘आपला अर्ज दिनांक १२ रोजी प्राप्त झाला आहे’ ही आपल्या शासकीय पत्रांची नेहमीची भाषा आहे आणि तिच्यात काही चूक नाही. जर्मन आणि फ्रेंच भाषांतही पूर्णकाळाच्या रूपाशेजारी ‘काल’ खुशाल बसतो, इंग्रजीच या बाबतीत सोवळी आहे. पण या वाक्याने कोणाचाही गैरसमज झाला नाही. वाचकाला खटकले असेल एवढेच. व्यवस्थापकांनी मात्र लाल अक्षरांत अधोरेखित केले होते ते हेच वाक्य, आणि ज्या दोन वाक्यांनी घोटाळा केला त्यांच्यावरून त्यांची नजर सहज घसरली होती. का घसरली, ते पुढे येईल.

दुरुस्ती

सरावासाठी मी रिकाम्या जागा भरायचे कागद दिले नाहीत. संपूर्ण अहवाल छापून घेतला, त्यातल्या प्रत्येक ‘हॅड’भोवती गोल काढला आणि अभियंत्यांना एकच प्रश्न विचारायला सांगितले: कशाच्या आधी? उत्तर त्याच अहवालात, शब्दांत लिहिलेले सापडले, तर ‘हॅड’ राहील. उत्तर ‘आत्ताच्या आधी’ असे आले, किंवा फक्त त्यांच्या मनात असले, तर ते जाईल आणि त्याच्या जागी साधा भूतकाळ व शक्य तेथे वेळ येईल. अकरा गोल होते. दोन उरले.

उरलेले पहिले वाक्य रिमाइंडरचे: ‘द रिमाइंडर्स हॅड गॉन टु अ मेलबॉक्स दॅट नो वन वॉज मॉनिटरिंग’. ही गोष्ट मुदत संपण्याच्या आधीची आहे आणि मुदत संपल्याचे त्याच परिच्छेदात वर लिहिलेले आहे. दुसरे वाक्य फोनचे: ‘व्हेन युवर टीम कॉल्ड ॲट ८:०५, वी हॅड ऑलरेडी रिस्टोअर्ड द सर्व्हिस’. इथे तर मधला बिंदू वाक्यातच उभा आहे.

वादाची वाक्ये अशी झाली: ‘द सर्टिफिकेट एक्स्पायर्ड ॲट ५:३० एएम आयएसटी ऑन संडे. वी इन्फॉर्म्ड युवर टीम बाय ईमेल ॲट ६:२५, ऑब्टेन्ड अ न्यू सर्टिफिकेट ॲट ७:२० अँड इन्स्टॉल्ड इट ॲट ७:४५. द सर्व्हिस वॉज रीस्टार्टेड ॲट ७:५०.’ ही वाक्ये वाचून कोणी पूर्वसूचनेची प्रत मागणार नाही. पूर्वसूचना दिली नव्हती ही उणीव त्यातून उघडी पडते, हे खरे आहे. व्यवस्थापकांना ते थोडे टोचले. पण ती उणीव होतीच, आणि ग्राहकाला ती ठाऊकही होती. अहवालाने ती झाकल्याचा भास निर्माण केला, म्हणून तर प्रकरण चिघळले होते.

‘रिन्यूड’ऐवजी ‘ऑब्टेन्ड’ आणि ‘इन्स्टॉल्ड’ अशी दोन क्रियापदे आली, ही अभियंत्यांची स्वतःची सूचना होती. सर्टिफिकेट मिळणे आणि ते बसवणे या दोन पायऱ्या आहेत. ‘हॅड रिन्यूड’मध्ये त्या एकात एक मिसळल्या होत्या आणि वेळ लिहिण्याची सक्ती झाल्याबरोबर सुट्या झाल्या. मला हा भाग व्याकरणाहून मोलाचा वाटतो. संवादी ‘होता’ झाल्याची ग्वाही देतो, कधी झाले ते सांगण्याचे बंधन घालत नाही. साधा भूतकाळ वापरला की लिहिणाऱ्याला घड्याळ पाहावेच लागते.

अहवालाची सुरुवात मात्र ‘हॅज’ने करायची, असे ठरले: ‘द सर्व्हिस हॅज बीन रिस्टोअर्ड अँड इज स्टेबल’. वाचकाला सर्वांत आधी आत्ताची स्थिती हवी असते आणि ‘हॅज’ ती देतो. त्यानंतर वेळ आली की साधा भूतकाळ सुरू. इंग्रजी वर्तमानपत्रे बातमी याच रीतीने लिहितात. पहिल्या ओळीत अमुक मंत्र्याने राजीनामा दिला आहे, हे ‘हॅज’ने येते, तो सोमवारी कोणाकडे दिला, हे दुसऱ्या ओळीत साध्या भूतकाळात. अभियंत्यांनी जेवणाच्या सुटीत फोनवरच्या बातम्या पडताळून पाहिल्या आणि त्यांना हा सांधा जागोजागी सापडला.

पुढच्या काही आठवड्यांत जे होणे साहजिक होते, ते झाले. ‘हॅड’ची धास्ती बसली आणि ते हव्या त्या ठिकाणीही गळू लागले. एका लहानशा अडचणीच्या टिपणात त्यांनी लिहिले: ‘व्हेन युवर टीम कॉल्ड, वी फिक्स्ड द इश्यू’. प्रत्यक्षात फोन येण्यापूर्वीच काम उरकलेले होते. वाक्य मात्र सांगते की फोन आला, मग हे जागे झाले आणि काम केले. व्याकरण निर्दोष, पण स्वतःच्याच श्रेयावर पाणी. इथे ‘हॅड फिक्स्ड’ हवे होते, आणि ते शोभेसाठी हवे होते असेही नाही, कारण या एका शब्दावर गटाची तत्परता अवलंबून होती. या वाक्यानंतर त्यांना ‘कशाच्या आधी?’ हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायची सवय लागली: असलेला ‘हॅड’ टिकतो का, आणि नसलेला हवा आहे का.

‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ असताना काय करायचे, हे त्यांनी मध्येच विचारले होते. त्या शब्दांनी क्रम आधीच सांगितलेला असतो, म्हणून ‘आफ्टर वी इन्स्टॉल्ड द सर्टिफिकेट, वी रीस्टार्टेड द सर्व्हिस’ एवढे पुरते, ‘हॅड’ घातले तरी बिघडत नाही. ‘इफ’च्या वाक्यांचा ‘हॅड’ निराळा आहे. जे घडलेच नाही त्याची कल्पना तो करतो, त्याला हा प्रश्न लागू पडत नाही आणि अहवालात तो सहसा येऊही नये.

व्यवस्थापकांची वाक्ये

व्यवस्थापकांची नजर त्या दोन वाक्यांवरून का घसरली, याचे उत्तर त्यांच्याच मेलमध्ये होते. मला पाठवलेल्या पहिल्या मेलची सुरुवातच ‘ॲज आय हॅड मेन्शन्ड ऑन द कॉल यस्टरडे’ अशी होती. त्यांचे शिक्षण पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात, पुणे कॅम्पमधल्या शाळेत झालेले, घरी मराठी. भारतीय इंग्रजीत साध्या भूतकाळाच्या जागी पूर्ण भूतकाळ येतो, हे भाषाभ्यासकांनी नोंदवलेले आहे, आणि तो केवळ मराठी भाषकांपुरता किंवा प्रादेशिक माध्यमापुरता मर्यादित नाही. ‘ॲज आय हॅड मेन्शन्ड’ हे तर हिंजवडीपासून खराडीपर्यंत सगळ्यांच्या बोटांवर बसलेले आहे. तेव्हा ‘मराठी मीडियम ना’ हा शेरा निराधार होता, आणि तो अभियंत्यांच्या वार्षिक मूल्यमापनात ‘लेखी इंग्रजी कमकुवत’ अशा शब्दांत नोंदवला गेला होता, ही मला यातली सर्वांत अन्यायाची गोष्ट वाटली. मी माझ्या टिपणात ते लिहिले. व्यवस्थापकांच्या मेलमधली तीच रचना असलेली वाक्ये, नाव न घालता, अभियंत्यांच्या वाक्यांशेजारी ठेवली. त्यांनी ती वाचली, हसले आणि म्हणाले, ‘हे तर मीही लिहितो.’ मूल्यमापनातला शेरा पुढच्या फेरीत बदलून ‘घटना-अहवालाचे प्रशिक्षण पूर्ण’ असा झाला.

यानंतर गटासाठी जी पद्धत ठरली ती मुद्दामच तोकडी ठेवली. परदेशी ग्राहकाला जाणारा घटना-अहवाल, करारातल्या मुदतीशी संबंधित पत्र आणि पैशांच्या वादातला खुलासा, या तीन प्रकारच्या मजकुरात प्रत्येक ‘हॅड’ तपासला जातो. दुसऱ्या सहकाऱ्याने तो वाचायचा, असेही ठरले, कारण लिहिणाऱ्याच्या मनातला मधला बिंदू लिहिणाऱ्याला कागदावर असल्यासारखाच वाटतो. बाकी मेलना हात लावायचा नाही. पुण्यातून बंगळूरला किंवा नोएडाला जाणाऱ्या मेलमध्ये ‘आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे’ लिहिले, तर वाचणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ तोच उमटतो जो लिहिणाऱ्याच्या मनात आहे, आणि ज्या वाक्याने काम होते ते बदलण्यात कोणाचा वेळ का घालवायचा?

अभियंत्यांनी एकदा विचारले, ‘मॅडम, मग सोमवारी ऑफिसात कोणी विचारलं वीकेंडला काय केलं, तर ‘आय हॅड गॉन टु महाबळेश्वर’ म्हणायचं की नाही?’ मी म्हटले, विचारणारा आपल्यातला असेल, तर खुशाल म्हणा. तो ब्रिटनमधल्या गटातला असेल आणि पुढे काही न बोलता ‘अँड देन?’ म्हणून तुमच्याकडे पाहत राहिला, तर त्याला परत आल्याचेही सांगून टाका.